सव्वा ते पावणेदोन

निवृत्तीला तीन दिवस उरलेल्या माणसाला नवं काम सांगायचं नाही, असा त्या वेधशाळेत एक न लिहिलेला नियम होता. अशा माणसाने कपाट आवरावं, चहा प्यावा, ज्याच्या त्याच्या टेबलाशी उभं राहून जुन्या गोष्टी उगाळाव्यात आणि शुक्रवारी संध्याकाळी भेटवस्तू घेऊन घरी जावं. ताईच्या वाट्याला एवढंही सुख नव्हतं. बुधवारी सकाळी ती पर्स खणात ठेवते न ठेवते तोच ज्वाळाबाई दारात हजर, आणि तिच्या हातात हा एवढा कागदांचा गठ्ठा.

ज्वाळाबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. सूर्यावर होणाऱ्या स्फोटांवर तिचं संशोधन चाललेलं. दोन वर्षांपूर्वी रुजू झाली तेव्हापासून ‘काल एक मोठी सौरज्वाला झाली’, ‘परवा दोन झाल्या’ याखेरीज तिच्या तोंडी दुसरा विषय नसे, म्हणून कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. तिला ते ठाऊक होतं. कधी कधी तीच फोन उचलून ‘ज्वाळाबाई बोलतेय’ म्हणायची. बाई गुणी होती. पण गुणी माणसांचा दमलेल्या माणसाला फार जाच होतो, कारण त्यांना नाही म्हणता येत नाही.

आणि ताई दमली होती. एका दिवसाच्या झोपेने जाईल असला तो थकवा नव्हता. एकतीस वर्षं मान खाली घालून भिंगातून बघत बसलं की मान, डोळे, कंबर सगळं हळूहळू संप पुकारतं, आणि त्यानंतर मनही म्हणतं की मग मी एकट्याने का राबू. ऑफिसातले सगळे तिला ताई म्हणत, साहेबसुद्धा. घरी तिला ताई म्हणणारं कुणी नव्हतं. घरी होता तो एक मोठा भाऊ, त्याच्या लेखी ती अजून बबी होती, आणि तो शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा.

तिचं काम सांगायला सोपं होतं. जमिनीपासून शंभर-एक किलोमीटर वर गेलं की उन्हाने हवेलाच विजेचा भार येतो. तो थर म्हणजे आयनांबर. रेडिओच्या लघुलहरी त्यावर आपटून खाली येतात, म्हणून हजार मैलांवरचं स्टेशन आपल्याला ऐकू येतं. वेधशाळेचं यंत्र दर पंधरा मिनिटांनी वर लहरी सोडायचं, आधी कमी कंपनांच्या, मग चढत्या कंपनांच्या, आणि परत आलेल्या लहरींची एक वाकडी रेघ फिल्मवर उमटायची. दिवसाच्या शहाण्णव चौकटी. ताईने ती प्रत्येक चौकट काचेवर ठेवून वाचायची आणि तक्त्यात आकडे भरायचे. रेघ दिसलीच नाही किंवा अर्धवट दिसली तर आकड्याच्या जागी अक्षर लिहायचं. ‘सी’ म्हणजे यंत्र बिघडलं. ‘बी’ म्हणजे यंत्र ठणठणीत, पण लहरी वरच्या वर आकाशानेच गिळल्या. अक्षरं डझनावारी होती, पण आपल्याला ही दोन पुरेत.

पुढे फिल्म गेली, संगणक आला, तो स्वतःच रेघ वाचू लागला. फक्त आकाश बिघडलं की तो गोंधळायचा आणि ताईला हाक यायची. एका गोष्टीला मात्र संगणकानेही हात लावला नव्हता, ती म्हणजे जुन्या तक्त्यांचा नियम. तक्ता ज्याने भरला त्यानेच खोडायचा. लाल शाईने, सही, तारीख आणि कारण लिहून. कधी काळी कुणा विद्वानाने आपला सिद्धांत जुळावा म्हणून दुसऱ्याचे आकडे गुपचूप दुरुस्त केले होते, तेव्हापासूनचा हा नियम. माणूस नोकरीतून गेला की त्याचा तक्ता गोठला. मग त्यात ढळढळीत चूक सापडली तरी ती तशीच राहायची.

ज्वाळाबाईचं म्हणणं याच कारणाने घाईचं होतं. उपग्रहांनी टिपलेल्या जुन्या सौरज्वालांची यादी तिने काढली होती. मोठी ज्वाला झाली की तिचे क्ष-किरण आठ मिनिटांत इथे पोचतात, आयनांबराच्या अगदी खालच्या थरात विजेच्या भाराची दाटी होते, आणि पृथ्वीच्या उन्हातल्या बाजूला लघुलहरी तिथेच विरतात. म्हणजे ज्वालेच्या वेळी तक्त्यात ‘बी’ दिसायला हवा. अडतीस तारखांपैकी सदतीस ठिकाणी तो होता. एका ठिकाणी ताईच्या हातचा ‘सी’ होता, तोही ओळीने चार वेळा. ज्वाळाबाईला एवढंच विचारायचं होतं की शुक्रवारच्या आत ताई ती फिल्म एकदा बघेल का. तिने तारखेवर बोट ठेवलं.

ती तारीख ताईला पाठ होती. स्वतःचा वाढदिवस ती विसरायची, ही तारीख नाही.

सव्वीस वर्षांपूर्वी ताईचा दादा बंदराच्या रेडिओ केंद्रावर ऑपरेटर होता. दूरच्या पाण्यात गेलेल्या मासेमारी बोटींशी लघुलहरींवर बोलायचं, त्यांना हवामान सांगायचं आणि कुणी मदतीची हाक दिली तर गस्तीच्या जहाजाला कळवायचं, हे त्याचं काम. त्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास किनाऱ्यापासून चारशे किलोमीटरवर एका बोटीच्या इंजिनघरात आग लागली. बोटीवरचा माणूस सव्वा ते पावणेदोन, चांगला अर्धा तास, केंद्राला हाका मारत होता. केंद्राने उत्तर दिलं नाही. वीसेक किलोमीटरवरच्या दुसऱ्या एका बोटीने त्या हाका अगदी स्पष्ट ऐकल्या. तिनेही केंद्राला हाक मारली, तिलाही उत्तर नाही. शेवटी तीच निघाली, पण तिच्या इंजिनाचा सगळा आनंदीआनंद. ती पोचेपर्यंत सातांपैकी तीन माणसं बुडाली होती. गस्तीचं वेगवान जहाज त्याच टापूत होतं, त्याला कुणी कळवलं असतं तर तिघंही वाचली असती, असं जो तो म्हणाला.

दादाचं म्हणणं एकच होतं. संच अचानक मुका झाला. माणसांचे आवाज सोडा, नेहमीची खरखरसुद्धा गेली. त्याने तारा हलवून पाहिल्या, फ्यूज काढून पाहिला, तो चांगला निघाला म्हणून परत लावला, टेबलाखाली शिरून सगळे जोड तपासले. या धांदलीत नोंदवहीत एक ओळ लिहायची राहिली. मग दोनच्या आसपास खरखर आपोआप परत आली. दुसऱ्या दिवशी तपासणीत संच नवा असल्यासारखा चालला. त्यात भर म्हणजे पाळीतला जोडीदार आजारी म्हणून दादा आदल्या संध्याकाळपासून सलग अठरा तास कामावर होता. दुपारच्या जेवणानंतरची वेळ, अठरा तासांचं जागरण आणि कोरी नोंदवही. चौकशी करणाऱ्यांना आणखी काय हवं होतं?

त्या संध्याकाळी तो सरळ ताईच्या घरी आला होता. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या त्याने सगळं सांगितलं, खरखर गेल्याचंही. ताईने ऐकून घेतलं आणि विचारलं, दादा, खरं सांग, डोळा लागला होता का? तो पाणी प्यायला आणि निघून गेला.

आठ-दहा दिवसांनी चौकशी समितीचं पत्र वेधशाळेत आलं: त्या दुपारी एक ते अडीच आकाशात काही गडबड होती का? तक्ता तोवर भरून झाला होता. त्या महिन्यात यंत्राची लहरी सोडणारी नळी दिवसाआड मान टाकत होती, कोऱ्या चौकटींचा सुकाळ होता, आणि ताईने त्या दिवशीच्या कोऱ्या चौकटींनाही सवयीने ‘सी’ मारला होता. तेव्हाच्या साहेबांनी तिला बोलावून विचारलं की फिल्म पुन्हा एकदा बघतेस का.

“सर, तो माझा भाऊ आहे,” ताई म्हणाली होती. “आता मी अक्षर बदललं तर लोक म्हणतील भावासाठी बदललं. लिहिलंय ते लिहिलंय.”

साहेबांना केवढा अभिमान वाटला. पुढे कितीतरी वर्षं ते नव्या लोकांना ही गोष्ट सचोटीचा नमुना म्हणून सांगायचे आणि ताई मान खाली घालून ऐकायची. अगं, बदलू नकोस, पण बघ तरी. बघायला कुणाच्या बापाची आडकाठी होती? पण ताई तेव्हा चौतिशीची होती आणि आपल्या नाकासमोर चालण्याचा तिला भारी गर्व होता. तिने फिल्मला हात लावला नाही. वेधशाळेचं उत्तर गेलं: यंत्रदोषामुळे नोंद उपलब्ध नाही, आधीच्या व नंतरच्या नोंदी सामान्य, सोबत तक्त्याची प्रत. महिनाभराने निकाल लागला, कामावर असताना झोप. दादाला रेडिओवरून काढून बंदराच्या गोदामात टाकलं. सोळा वर्षं तो तिथे दोर, दिवे आणि रंगाचे डबे लोकांच्या हातात देत राहिला आणि तिथूनच निवृत्त झाला. ताईने चौकशीचा अहवाल कधी पाहिला नाही, दादाने कधी दाखवला नाही. दोघं सणावाराला भेटत, दुखण्याखुपण्यात धावून जात, सगळ्या जगाबद्दल बोलत आणि त्या दुपारबद्दल चकार शब्द काढत नसत. दादाचा आपल्यावर राग आहे आणि तो भला माणूस म्हणून गिळून बसला आहे, अशी ताईची पक्की समजूत होती.

हे सगळं काही तिने ज्वाळाबाईला सांगितलं नाही. चल, बघू, एवढंच म्हणाली.

जुन्या फिल्म तळमजल्यावर लोखंडी कपाटांत होत्या. कपाट उघडलं की आंबूस वास नाकात जायचा. फिल्म म्हातारी झाली की तसाच वास मारते. रीळ सापडायला अर्धा तास गेला. ताईच्या मनात एक वेडी आशा होती की रीळ खराब झालं असावं, चिकटलं असावं, निदान उंदरांनी खाल्लेलं असावं. रीळ उत्तम होतं.

वर येऊन तिने काचेखालचा दिवा लावला आणि फिल्म पसरली. एकची चौकट नेहमीसारखी. सव्वाची कोरी. दीडची कोरी. पावणेदोनची कोरी. दोनच्या चौकटीत उजवीकडे अर्धीच रेघ. तिने भिंग डोळ्याला लावलं आणि जे बघायला हवं होतं ते पहिल्या दहा सेकंदांत बघितलं. सव्वीस वर्षांचा प्रश्न आणि दहा सेकंदांचं काम.

प्रत्येक चौकटीत बारीक उभे ओरखडे असतात. ती दूरदूरची रेडिओ स्टेशनं. यंत्र आपल्या लहरी परत येण्याची वाट बघत असतं तेव्हा त्याच्या कानावर ती आपोआप पडतात आणि फिल्मवर उमटतात. लहरी सोडणारी नळी मेली तरी यंत्राचा कान जिवंत असतो, म्हणून खऱ्या ‘सी’च्या चौकटीत रेघ नसली तरी ओरखडे असतातच. आदल्या दिवशीच्या कोऱ्या चौकटींत ते भरपूर होते. सव्वा, दीड आणि पावणेदोनला एकही नव्हता. यंत्राच्या स्वतःच्या खुणा तेवढ्या होत्या, बाकी चौकट धुतल्यासारखी साफ. आकाशानेच सगळ्या जगाचे आवाज गिळले होते. दोनला ते उजवीकडून, म्हणजे जास्त कंपनांच्या बाजूने, परत यायला लागले होते, आणि आकाश मोकळं होतं तेव्हा ते असंच होतं. यंत्र सुरू झालं असतं तर अख्खी रेघ एकदम आली असती. ताईने आजवर अकरा शिकाऊ लोकांना हे शिकवलं होतं, आणि पहिल्याच आठवड्यात.

खरखरसुद्धा गेली होती, असं दादा म्हणाला होता. तिच्या स्वयंपाकघरात, तिच्या तोंडावर. त्याने ओरखड्यांचीच गोष्ट सांगितली होती, फक्त त्याच्या भाषेत. शेजारच्या बोटीला हाका ऐकू आल्या, कारण तेवढ्या अंतरावर लहरी पाण्यावरून सरळ जातात, त्यांना आकाशाची गरज नसते. साऱ्या शहरात हे दोन आणि दोन चार करू शकणारं माणूस एकच होतं. आणि त्या माणसाने विचारलं होतं की डोळा लागला होता का. ताईला स्वतःची किळस आली.

“बी आहे ना?” ज्वाळाबाईने हळूच विचारलं. अडतिसावी तारीख जुळली म्हणून तिचा चेहरा उजळला होता.

“बीच आहे,” ताई म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली. ज्वाळाबाईने पाणी आणून दिलं. तेव्हा ताईने थोडक्यात सगळं सांगितलं, दुसऱ्या कुणाची हकीकत सांगावी तसं. ज्वाळाबाईने आपली यादी उचलली आणि म्हणाली की माझ्या कामाचं राहू द्या, आधी तुमचं करू.

आताचे साहेब तसे भले होते, पण भल्या साहेबांनाही रक्तदाब असतो. दोघींचं ऐकून त्यांनी कपाळ चोळलं. एक अक्षर उघडलं की त्या महिन्याच्या सगळ्या ‘सी’वर संशय येणार, शिवाय चौकशी सरकारी होती, उद्या कुणी विचारलं की तेव्हा वेधशाळा काय करत होती, तर? ताई म्हणाली, सगळे ‘सी’ मी उद्या पुन्हा वाचते. आणि कुणी विचारलंच तर माझं नाव सांगा, तसंही शुक्रवारनंतर तुम्ही माझं काय वाकडं करणार आहात? साहेबांना हसू आलं. दुरुस्ती नियमाने होणार असेल तर माझी ना नाही, म्हणाले, आणि वेधशाळेच्या शिक्क्याचं पत्रही देतो म्हणाले.

गुरुवार ताईने काचेवर मान मोडून घालवला. त्या महिन्यात तिने त्रेचाळीस ‘सी’ मारले होते. एकोणचाळीस बरोबर निघाले. सगळे चुकले असते तर तिला बरं वाटलं असतं. म्हणता आलं असतं की तेव्हा मी कच्ची होते, आजारी होते, घरात काही चाललं होतं. पण तिचं काम चोख होतं. फक्त चार चौकटी तिने पाहिल्याच नव्हत्या. डोळा त्यांच्यावरून फिरवला होता आणि हाताने अक्षर लिहिलं होतं. आणि पाहायची वेळ आली तेव्हा तिने सचोटीचं नाव पुढे केलं होतं.

शुक्रवारी सकाळी मूळ तक्ता टेबलावर आला. लाल पेन शोधायलाच पाच माणसं लागली, कारण आता लाल शाई कोण वापरतं? तिने चार ‘सी’ एकेका आडव्या रेघेने खोडले, वर ‘बी’ लिहिलं, सही केली, तारीख घातली. कारणाच्या रकान्यात सगळे लोक ‘पुनर्वाचनात सुधारणा’ असं लिहितात. साहेबांनीही तेच सुचवलं. ताईने लिहिलं: ‘वाचणारीने त्या वेळी फिल्म नीट पाहिली नव्हती.’ साहेबांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला आणि खाली आपली सही केली.

संध्याकाळी निरोपसमारंभ झाला. मुख्य कार्यालयातून आलेल्या पाहुण्याने लिहून आणलेलं भाषण वाचलं आणि एकतीस वर्षांत यांच्या तक्त्यात एकही खाडाखोड नाही, असं ठासून सांगितलं. साहेब आपले बूट बघत बसले. ताईने शाल घेतली, घड्याळ घेतलं, चार शब्द बोलली आणि घरी जाऊन कपडे न बदलता पलंगावर पडली. झोप मात्र आली नाही.

शनिवारी अकराच्या सुमारास ती बसने दादाकडे निघाली. पिशवीत शिक्क्याचं पत्र, तक्त्याची नवी प्रत आणि ज्वाळाबाईने मोठे करून दिलेले सहा चौकटींचे फोटो. वाटेत तिने काय बोलायचं ते तीनदा जुळवलं आणि तीनदा मोडलं. तो ओरडेल, ओरडायलाच हवं. तो म्हणेल, चालती हो. तसं म्हणाला तर तिला एका परीने सोपं जाणार होतं. त्याला त्याचं नाव परत मिळायला हवं होतं, आणि ते द्यायला उशीर करणारीला दोन शब्द ऐकून घ्यायला काय होतंय?

दादा दुसऱ्या मजल्यावर राहायचा. दार वहिनींनी उघडलं. निवृत्तीचं विचारलं, शाल कुठली दिली ते विचारलं आणि चहा टाकायला आत गेल्या. दादा खिडकीपाशी वर्तमानपत्र घेऊन बसला होता. अडुसष्ट वर्षांचा, अंगाने सुकलेला, पण पाठ अजून ताठ. तो म्हणाला, आता तू पण रिकामी झालीस, बबे, आता दोघं मिळून खिडकीतून बघू. ताईला हसता आलं नाही. तिने पिशवीतून फोटो काढून टेबलावर ओळीने मांडले, कारण तोंडाने सुरुवात करायचं धैर्य तिच्यात नव्हतं.

दादाने चष्मा लावला. तारीख वाचली. मग एकेक फोटो उचलून खिडकीच्या उजेडात धरला.

“हे उभे काय आहेत?” त्याने विचारलं.

“दूरची स्टेशनं.”

त्याने एकचा फोटो आणि सव्वाचा फोटो शेजारी शेजारी ठेवले. बराच वेळ बघत राहिला. मग सव्वाच्या फोटोवर बोट टेकवून म्हणाला, “इथे नाहीत.”

“नाहीत.”

पुढचं ताईने एका दमात सांगितलं. सूर्यावरची ज्वाला, तिचे किरण इथे पोचले ते दुपारी एक वाजून आठ मिनिटांनी. आकाशाने गिळलेले आवाज. आपला आंधळा ‘सी’. साहेबांनी पुन्हा बघतेस का विचारलं होतं आणि आपण सचोटीच्या तोऱ्यात नाही म्हटलं होतं, तेही सांगितलं. काही हातचं राखलं नाही. शेवटी शिक्क्याचं पत्र त्याच्यासमोर ठेवलं आणि म्हणाली की बंदराच्या कार्यालयात हे मी स्वतः घेऊन जाईन, त्यांना निकाल बदलायला लावीन, आणि आता तू मला काय बोलायचं ते बोल.

दादाने तक्त्याच्या प्रतीवरच्या लाल खुणा पाहिल्या, कारणाची ओळ वाचली. मग त्याने त्या तीन माणसांचं विचारलं. त्या खुर्चीवर दुसरा कुणी असता, ताजातवाना, तर त्यांची हाक ऐकू आली असती का?

“नाही, दादा. त्या अर्ध्या तासात किनाऱ्यावर कुणालाच आली नसती.”

त्याने मान हलवली. त्यांच्या घरी सांगायला जायला हवं, असं पुटपुटला. त्यातल्या एकाची बायको अजून आहे, बाजारात दिसली की तोंड फिरवते. ताई म्हणाली, मी येते तुझ्याबरोबर, मी सांगते. पण तिला वाटत होतं तो राग कुठेच दिसेना, आणि त्याने ती जास्तच घाबरली. मी एवढं केलं तरी तू रागावत का नाहीस, असं तिने विचारलंच.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “बबी, यांनी कबूल केलं होतं. झोप लागली असं लिहून दिलं होतं. तुला माहीत नाही?”

ताईला माहीत नव्हतं. समितीने ठरवलं आणि त्याच्या माथी मारलं, असंच ती सव्वीस वर्षं धरून चालली होती. तिने दादाकडे पाहिलं. तो चष्मा पुसत होता.

“तिसऱ्या बैठकीपर्यंत मी नाहीच म्हणत होतो,” तो म्हणाला. “मग त्यांनी तुमच्या वेधशाळेचं पत्र पुढे ठेवलं. त्याला तक्त्याची प्रत जोडलेली. तुझं अक्षर मी ओळखलं. चार ओळींत यंत्रदोष. मी म्हटलं, बबीने लिहिलंय म्हणजे यंत्रच बंद असणार. बबी बघितल्याशिवाय लिहीत नाही. म्हणजे आकाशात काही झालं नव्हतं. मग जे झालं ते माझ्याच डोक्यात. अठरा तास झाले होते, झोपच लागली असणार. तो फ्यूज काढला, टेबलाखाली शिरलो, ते सगळं स्वप्नात केलं असणार. म्हणून सही करून दिली.”

“अरे पण तू स्वतःच्या कानांनी ऐकलं होतंस ना? खरखर गेली ते?”

“ऐकलं होतं. पण माझ्या कानांपेक्षा तुझ्यावर भरवसा जास्त होता.”

ताईने तोंडावर पदर धरला. तिला रडू आवरेना, आणि तिने ते आवरायचा प्रयत्नही केला नाही. तो सव्वीस वर्षं तिच्यावर रागावलेला नव्हता. तो सव्वीस वर्षं स्वतःला झोपलेला समजत होता, तीन माणसं आपल्या झोपेने गेली असं समजत होता, आणि ते तिने लिहिलं म्हणून. दादाने हात पुढे करून तिच्या डोक्यावर ठेवला, लहानपणी ठेवायचा तसा, आणि तिला आणखीच भडभडून आलं.

बऱ्याच वेळाने त्याने सव्वाचा फोटो पुन्हा उचलला.

“म्हणजे मी जागा होतो,” तो म्हणाला.

“जागा होतास.”

“सगळा वेळ?”

“सगळा वेळ, दादा.”

त्याने फोटो खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग दाराकडे वळून वहिनींना म्हणाला, “ऐकलंस का? मी जागा होतो.” वहिनींनी आत जाऊन गॅस बंद केला आणि येऊन त्याच्याशेजारी बसल्या.